भर रस्त्यातला विसावा

सकाळची साडेनऊची वेळ. कामावर निघालेल्या स्कूटर, मोटारी, रिक्षा आणि बसगाड्यांचा लोंढा सहापदरी रस्त्यावरून धावत असतो. कडेला नातवाचा हात धरून आजी उभी असते. शाळा रस्त्यापलीकडे आहे. उजवीकडची वाहने जरा विरळ झाली, की डावीकडून बस येताना दिसते. डावीकडे मोकळे झाले, तर उजवीकडून पुन्हा गर्दी उसळते. पाच-सात मिनिटे अशीच जातात. शेवटी आजी जिवावर उदार होऊन निघते आणि मध्यावर येऊन अडकते. तिथे असतो वीतभर रुंदीचा दुभाजक. त्यावर एक पाय ठेवून ती कशीबशी तोल सावरते. पदराला वारा लावत एक टेम्पो निघून जातो.

"आजी, पळ ना!" नातू हात ओढतो.

"थांब रे बाळा, ही गाडी जाऊ दे," आजी म्हणते. पण थांबायचे कुठे, हे तिलाही ठाऊक नसते.

दिल्ली असो वा भोपाळ, हैदराबाद असो वा पुणे, हे दृश्य रोजचेच आहे. दर वेळी शेवट गोड होतो असे नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे पायी चालणारी सरासरी ९० माणसे रोज घरी परतली नाहीत. त्यांतले कितीतरी जण केवळ एका कडेहून दुसऱ्या कडेला निघाले होते.

आजीला त्या क्षणी हवी होती ती दोन पावले टेकवण्यापुरती सुरक्षित जागा. तिलाच वाहतूक बेट म्हणतात.

बेटाची कल्पना जुनी

ही कल्पना मोटारींच्याही आधीची आहे. घोडागाड्यांच्या काळात, १८६२ साली, इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात जॉन हेस्टिंग्ज नावाच्या खोगीर बनवणाऱ्या कारागिराच्या सूचनेवरून असे बेट बांधले गेले. दोन वर्षांनी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर कर्नल पिअरपॉइंट यांनी दुसरे बेट उभारले. आपण बांधलेले बेट कसे दिसते हे मागे वळून पाहण्याच्या नादात कर्नलसाहेबांनाच एका घोडागाडीने धडक दिली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यातला धडा मात्र खरा आहे. बेट कितीही चांगले असले, तरी रस्त्यावर उतरणाऱ्याची नजर वाहनांवर हवी.

साधे गणित

बेटाने नेमका काय फरक पडतो, हे थोड्या आकडेमोडीने समजते. रस्त्याचा एक पदर साधारण साडेतीन मीटरचा धरला, तर सहापदरी रस्ता २१ मीटर रुंद होतो. रस्ते आखणारे अभियंते पादचाऱ्याची चाल सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने एका दमात रस्ता ओलांडायला जवळजवळ १८ सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात १४ मीटर पुढे येते. म्हणजे १८ सेकंदांत ती सुमारे २५० मीटर अंतर कापते. थोडक्यात, दोन्ही बाजूंचा पाव किलोमीटर रस्ता एकाच वेळी मोकळा असला, तरच धडधाकट माणूस निर्धास्तपणे पलीकडे जाऊ शकतो. गजबजलेल्या शहरात अशी वेळ क्वचितच येते.

आता मध्ये एक बेट आहे असे समजा. अर्धा रस्ता ओलांडायला नऊच सेकंद लागतात. मोकळे अंतर लागते निम्मे, आणि तेही एकाच बाजूचे. बेटावर पोहोचल्यावर श्वास घ्यायचा, दुसरी बाजू पाहायची आणि मग उरलेला अर्धा रस्ता गाठायचा. एक अवघड काम दोन सोप्या कामांत वाटले जाते.

गुडघे दुखणाऱ्या आजींची चाल सेकंदाला ०.८ मीटर धरली, तर त्यांना पूर्ण रस्त्यासाठी २६ सेकंद लागतील. त्यांच्यासाठी, लहान मुलांसाठी, कडेवर बाळ असलेल्या आईसाठी आणि काठीच्या आधाराने चालणाऱ्यांसाठी बेट ही चैनीची गोष्ट नाही.

प्रत्येक बेटाचा नियम वेगळा

रस्त्यावर साधारण तीन प्रकारची बेटे आढळतात. पहिले, चौकाच्या मध्यभागी असलेले गोल बेट. चंदीगडचे चौक अशा बेटांसाठी प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने हे बेट आपल्या उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा असतो. आधीच वळसा घेत असलेल्या वाहनाला वाट द्यायची आणि मग आत शिरायचे. गोल बेटाच्या मध्यातून चालत जाणे पादचाऱ्याने टाळावे. त्याने चौकाला मिळणाऱ्या रस्त्यांवरच्या झेब्रा पट्ट्यांवरूनच जावे.

दुसरे, चौकाच्या कोपऱ्यावरचे त्रिकोणी बेट. डावीकडे वळणारी वाहने त्याच्या बाजूने निघून जातात. येथे बहुतेक ठिकाणी पादचाऱ्यासाठी दिवा नसतो आणि चालकाची मान असते उजवीकडे, येणारी वाहने पाहण्यासाठी. डाव्या बाजूने उतरणारे मूल त्याला दिसतच नाही. 'डावीकडे जाण्यास मोकळीक' असा फलक असला, तरी समोर माणूस असताना न थांबण्याची मोकळीक त्यात नसते.

तिसरे, रस्त्याच्या मध्यावरचे पादचाऱ्यांच्या विसाव्याचे बेट. याच्या टोकाला निळ्या वर्तुळात पांढरा बाण असलेला फलक दिसतो. बाण दाखवतो त्या बाजूनेच वाहन न्यायचे, अशी ती आज्ञा असते. वळसा वाचवण्यासाठी बेटाच्या उजव्या बाजूने घुसणारा स्कूटरस्वार विरुद्ध दिशेने वाहन चालवत असतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने असे करणे धोकादायक वाहनचालनात मोडते. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद करण्यात आली.

चालकाने काय करावे?

वाहन चालवण्यासंबंधीची नियमावली २०१७ साली नव्याने लागू झाली. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या झेब्रा पट्ट्यांजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पादचाऱ्याला तसेच चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला वाट द्यावी, असे ती स्पष्ट सांगते. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडे पट्ट्या दिसताच हॉर्न वाजतो आणि वेग वाढतो.

पुढे वाहने तुंबलेली असतील आणि आपली गाडी पट्ट्यांवरच अडकणार असेल, तर आधीच थांबायला हवे, हेही याच नियमावलीत आहे. गाडी पट्ट्यांवर उभी राहिली, की पादचाऱ्याला तिला वळसा घालून भर रहदारीत उतरावे लागते.

आणखी एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. झेब्रा पट्ट्यांपाशी पुढची गाडी थांबली, की मागचा चालक वैतागून शेजारच्या पदरातून तिला मागे टाकतो. पुढची गाडी कोणाला तरी वाट देण्यासाठी थांबली असेल, हे त्याच्या लक्षातच येत नाही. थांबलेल्या बसच्या आडून नेमके त्याच वेळी मूल बाहेर येते. म्हणून पट्ट्यांपाशी कोणी थांबले असेल, तर आपणही थांबावे.

बेटावर माणसे उभी दिसली, की वेग आधीच उतरवावा. वाहनाचा वेग ३० ऐवजी ६० झाला, तर धडकेतली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. ऑफिसला दोन मिनिटे उशीर झाला, तर वरिष्ठांची बोलणी बसतील; पण ते नुकसान भरून येणारे असते.

पायी चालणाऱ्याची जबाबदारी

सगळा दोष चालकांच्या माथी मारून भागणार नाही. पन्नास पावलांवर झेब्रा पट्ट्या असताना दुभाजकाच्या जाळीतून वाकून जाणारे सुशिक्षित गृहस्थ प्रत्येक शहरात दिसतात. बाबांनी जाळी ओलांडली, की मुलगाही ओलांडायला शिकतो.

बेट असलेल्या रस्त्यावर पाहण्याची दिशा मध्यावर बदलते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. कडेवरून निघताना वाहने उजवीकडून येतात, म्हणून आधी उजवीकडे पाहायचे. बेटावर पोहोचल्यावर उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरची वाहने डावीकडून येतात, म्हणून आता डावीकडे पाहायचे. मात्र उलट्या दिशेने येणाऱ्या सायकली आणि स्कूटर आपल्याकडे इतक्या आहेत, की दोन्ही वेळा दुसऱ्या बाजूलाही एक नजर टाकलेली बरी.

बेटावर आल्यावर थांबायचे. पहिला अर्धा रस्ता मोकळा मिळाला म्हणून दुसराही मिळेल, या भरवशावर धावत सुटणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. बेटाच्या काठावर न उभे राहता मध्यभागी उभे राहावे. हातातली पिशवी, छत्री किंवा बाळाची ढकलगाडी बेटाबाहेर डोकावू देऊ नये.

मुलांना येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज नीट करता येत नाही. त्यांचे बोट न धरता मनगट धरावे. बोट झटकन सुटते. रस्ता ओलांडताना मोबाइलवर बोलू नये, कानातली यंत्रे काढून ठेवावीत. रात्री फिकट रंगाचे कपडे असले, तर चालक लवकर सावध होतो. चालकाच्या डोळ्यांत पाहून, त्याने आपल्याला पाहिले आहे अशी खात्री झाल्यावरच पाऊल टाकावे.

बेट की शोभेची बाग?

नियम पाळायचे ठरवले, तरी बेट उभे राहण्याजोगे हवे. आपल्याकडे बेटावर बहुधा माणूस सोडून सगळे काही असते. कुठे प्रायोजकाच्या नावाची पाटी, कुठे नेत्याच्या वाढदिवसाचा फलक, कुठे कारंजे, तर कुठे डोक्याइतकी वाढलेली झुडपे. तीन फूट उंचीचे मूल त्या झुडपाआड उभे असेल, तर चालकाला ते दिसणार कसे? अनेक शहरांत आता मेट्रोचे खांब रस्त्याच्या मध्यावर उभे आहेत. खांबाआडून अचानक पुढे येणारा माणूसही असाच दिसत नाही.

चांगल्या बेटाची लक्षणे साधी आहेत. ते निदान दीड-दोन मीटर रुंद असावे, म्हणजे चाकाची खुर्ची किंवा ढकलगाडी त्यावर पूर्ण मावेल. चालण्याची वाट रस्त्याच्या पातळीला असावी. चढायला पायरी नको. दोन्ही टोकांना प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या आणि वर दिवा असावा. उत्तरेकडच्या धुक्यात आणि मुंबईच्या मुसळधार पावसात हे नसेल, तर बेटच अपघाताचे कारण बनते. रस्ता रुंद असेल, तर बेटावरची वाट सरळ न ठेवता थोडी डावीकडे वळवतात. त्यामुळे माणूस आपोआप समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालतो.

जिथे बसथांबेच रस्त्याच्या मध्यभागी आहेत, तिथे तर याला पर्याय नाही. अहमदाबादच्या 'जनमार्ग' बससेवेचे थांबे २००९ पासून असे मध्यावर आहेत. प्रत्येक प्रवाशाला बस पकडताना आणि उतरल्यावर अर्धा रस्ता ओलांडावाच लागतो. अशा ठिकाणी वाट नीट आखलेली नसेल, तर वेगवान बस असूनही प्रवासी धास्तावलेलाच राहील.

रस्ता चुकीचा बांधणाऱ्यालाही आता जबाबदारी टाळता येत नाही. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित अधिकारी वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केली. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांसाठी अडथळारहित पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

हे हक्क कागदावरून रस्त्यावर आणायचे, तर नागरिकांनी मागणी करायला हवी. शाळेसमोर, दवाखान्यासमोर किंवा भाजीबाजाराजवळ बेट नसेल, तर पालक संघाने आणि सोसायटीच्या सभासदांनी एकत्र येऊन महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना लेखी अर्ज द्यावा. अर्जासोबत जागेचे छायाचित्र जोडावे. सकाळच्या एका तासात तिथून किती मुले आणि किती वृद्ध ओलांडतात, ते मोजून लिहावे. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजलेल्या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.

तोवर स्कूटरवर वा मोटारीत बसलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट आजपासूनच करता येईल. उद्या सकाळी मध्यावर नातवाचे मनगट धरून उभी असलेली आजी दिसली, तर हॉर्नवरचा हात काढून ब्रेकवर पाय ठेवावा. तिला पलीकडे जायला तेरा-चौदा सेकंद लागतील. तेवढे थांबल्याने कोणाचेच काही अडत नाही, आणि आपली आजीही कुठल्यातरी रस्त्यावर अशीच उभी असते.