श्रावणबाळाच्या पश्चात

शासनाने वृद्धांच्या हाती दरमहा काही रक्कम ठेवावी की नाही, हा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित वर्गात एक मत जवळजवळ ठरल्यासारखे ऐकू येते. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणे हा पुत्राचा धर्म आहे. तो सरकारने आपल्या शिरावर घेतला की पुत्र निश्चिंत होतो, कुटुंबाचे बंध सैल पडतात, आणि वृद्धाश्रमांवरून ज्या समाजांची आपण कीव करतो त्यांच्याच वाटेला आपण लागतो, असे ते मत आहे. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन आक्षेप येतात: या योजनांत खोटे लाभार्थी फार, आणि इतका बोजा तिजोरीला झेपणारा नाही. असे बोलणारी माणसे दुष्ट नव्हेत; पुष्कळदा ती स्वतः आईबापांची मनोभावे सेवा करणारी असतात, आणि म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा नीट परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते. माझी प्रतिज्ञा त्यांच्या नेमकी उलट आहे. दरमहाची ती अल्प रक्कम गरीब घरातील वृद्धाचे कुटुंबातील स्थान टिकवून धरते. म्हणून ती कृपा न राहता हक्क झाली पाहिजे, आणि तो हक्क पदरात पाडून घेण्याची आजची रीत मुळापासून बदलली पाहिजे.

हे विधान हवेत राहू नये म्हणून एका गावाकडे पाहू. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे कापूस-सोयाबीनचे, पावसाच्या भरवशावर चालणारे गाव. येथील थोडक्या कोरडवाहू जमिनीच्या धन्याचे, किंवा जमीनच नसलेल्या मजुराचे, वर्षाचे गणित खरिपाच्या एका हंगामावर उभे असते. अशा घरात मुलगा कृतघ्न झाला म्हणून आईची आबाळ होते असे क्वचितच घडते. बियाणे, खत, सावकाराचे व्याज, मुलांची शाळा, मुलीचे लग्न या सर्वांच्या मागे, अगदी शेवटी, म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात. आणि हा अनुक्रम तिला स्वतःला पुरता मान्य असतो. सरकारी मदतीसाठी धडपडण्यापेक्षा मुलाकडे मागत का नाही, असे विचारले तर या भागातील म्हातारी जे सांगते त्यात तक्रारीचा सूरही नसतो: “त्याचंच भागत नाही, त्याले काय मागू?” कुटुंबसंस्थेचा कैवार घेणाऱ्यांनी हे उत्तर जरा मनात घोळवावे. येथे माया शाबूत आहे. आटली आहे ती मिळकत.

अशा घरात ‘निराधारचा पगार’ म्हणून ओळखली जाणारी रक्कम आली म्हणजे काय होते? म्हातारीच्या गोळ्या येतात, चहापत्ती येते, नातवाची वही येते, आणि सुनेला अडीअडचणीला शंभराची नोट सासूकडून उसनी मिळते. खाणारे एक तोंड म्हणून उरलेली व्यक्ती पुन्हा देणारा हात होते. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांचे निवृत्तिवेतन कृष्णवर्णीय जनतेपर्यंत पूर्णपणे पोहोचल्यावर एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने त्याचा अभ्यास केला आणि २००३ साली प्रसिद्ध केला. ज्या घरात आजीला ते वेतन मिळत होते त्या घरातील नातींची प्रकृती सुधारल्याचे तिला आढळले. पैसा आजीच्या नावाचा, अंग धरले नातीने. शिवाय आपल्याच समाजातील एक उदाहरण या आक्षेपकांच्या नजरेतून कसे निसटते हे मला कळत नाही. निवृत्त मामलेदाराला, मास्तराला, रेल्वेच्या बाबूला सरकार आजन्म वेतन देत आले; त्यामुळे त्यांची मुले धर्मभ्रष्ट झाली असे कोणी कधी म्हटले नाही. उलट ज्याला पेन्शन आहे त्या म्हाताऱ्याचा शब्द घरात चालतो, हे प्रत्येक जण जाणून आहे. जे मास्तराच्या घरी मानाचे कारण होते, तेच जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या बाईच्या घरी गेले की अधोगतीचे कारण कसे व्हावे?

ही कल्पनाच परकी आहे, आपल्या परंपरेत राजाने असा भार वाहिल्याचे नाही, असेही सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. जनपद वसवण्याच्या प्रकरणात तो बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे असे स्पष्ट लिहितो, आणि त्याच प्रकरणात, ऐपत असून आईबापांना न पोसणाऱ्यास बारा पणांचा दंडही सांगतो. पुत्राचे कर्तव्य आणि राजाचे कर्तव्य ही दोन्ही त्याने एकाच ठिकाणी, एकमेकांस बाध न आणता, मांडली आहेत. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली, तीही याच जातीची.

आणि ज्या पुत्राचे नाव या राज्याने आपल्या वृद्धवेतनाच्या योजनेला दिले आहे, त्या श्रावणबाळाची कथा तरी आपण शेवटपर्यंत कोठे आठवतो? कावडीतून आंधळ्या आईबापांना तीर्थयात्रेस नेणारा मुलगा आपल्या स्मरणात राहतो. तो राजाच्या बाणाने मेला आणि त्याच्यामागे त्या दोघांना पाण्याचा घोट देणारे कोणी उरले नाही, हा भाग मात्र आपण घाईने उरकतो. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत त्याची गणना होती. ज्या घरातील कर्ता मुलगा कर्जापायी गेला, त्या घरातील सत्तरीच्या बापाला पुत्रधर्माचे प्रवचन कोणी कोणत्या तोंडाने ऐकवावे? मुलगा आहे तोवर तो सांभाळील; तो नसेल, किंवा असून त्याचे हात रिकामे असतील, तेव्हा काय, हाच तर सारा प्रश्न आहे.

मग २००७ चा कायदा आहेच की, असे कोणी म्हणेल. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या त्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यापुढे अर्ज करण्याची सोय केली, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी देवविण्याचा अधिकार दिला, वकिलांना दूर ठेवले. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली मिळकत, अट मोडल्यास, परत मिळवण्याची वाटही २३ व्या कलमाने मोकळी केली. हा कायदा चांगला आहे आणि ज्यांच्याकडून जमीन-घर लिहून घेऊन मुलांनी पाठ फिरवली त्यांच्यासाठी तो मोलाचा आहे. परंतु त्याची मातब्बरी तेथेच संपते. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही त्याच्याविरुद्ध हुकूम मिळवून आईच्या ताटात काय पडणार? आणि पोटच्या पोराविरुद्ध खामगावच्या कचेरीत फिर्याद घेऊन उभे राहायचे, मग संध्याकाळी त्याच्याच ओसरीवर परतायचे, हे किती मातांना जमेल? कुटुंब मोडण्याची भीती ज्यांना वाटते त्यांनी या दोन वाटांची तुलना करावी: एकीत आईला मुलावर आरोप करावा लागतो, दुसरीत नाही.

आता खोट्या लाभार्थ्यांचा मुद्दा. तो मी टाळू इच्छित नाही, कारण खोटेपणा आहे. फक्त त्याचा उगम कोठे आहे हे पाहिले पाहिजे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरील व्यक्तीस दरमहा १,५०० रुपये मिळतात. २०२३ च्या जुलैपूर्वी ते १,००० होते. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, अथवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला हवा. महिन्याला हे १,७५० रुपये झाले. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एखाद्या कुटुंबाने त्या वर्षी हमीचे पुरे १०० दिवस काम केले असेल तर त्याचे ३१,२०० झाले. म्हणजे सरकारनेच कायद्याने हमी दिलेले काम सरकारकडूनच मिळवले, तर त्या घरातील म्हातारी सरकारच्याच लेखी सधन ठरते. दहा वर्षांहून अधिक काळ ही मर्यादा हललेली नाही. त्याच राज्याच्या दप्तरात, २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा यांसाठी एकदाच ३,००० रुपये देताना २ लाखांपर्यंतचे उत्पन्न चालते. त्याच वर्षीच्या लाडकी बहीण योजनेत ६५ पर्यंतच्या स्त्रीला दरमहा १,५०० देताना कुटुंबाचे अडीच लाखांपर्यंत चालते. आणि तीच स्त्री पासष्टी ओलांडून श्रावणबाळ योजनेकडे आली की तिच्यापुढे २१,००० ची भिंत उभी राहते. जेथे खरे बोलणारा प्रत्येक जण बाद होतो, तेथे दाखला हा सत्याचा पुरावा राहत नाही. जो तलाठी आकडा लिहितो त्याला ठाऊक असते, जो अर्जदार सही करतो त्याला ठाऊक असते, जी समिती मंजुरी देते तिलाही ठाऊक असते. आयुष्यभर कोणाचा पैसाही न बुडवलेल्या माणसाला उतारवयात खोट्यावर अंगठा करायला लावणे, हा मला या साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोठा अन्याय वाटतो. आणि ज्याची जीभ त्या खोट्याला वळत नाही तो उपाशी राहतो, हा त्याहून मोठा.

दाखल्याचा गड सर झाला तरी अंगठा उरतोच. महिन्याच्या पैशासाठी ग्राहक सेवा केंद्रावर बसलेली वृद्ध स्त्री पाहावी. यंत्राच्या काचेवर ती अंगठा ठेवते, यंत्र नाकारते. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते. केंद्रावरचा मुलगा, “आजी, जरा दाबून,” म्हणतो. मग दुसरे बोट, मग डावा हात, मग पाण्याने धुऊन पुन्हा तोच अंगठा. शेवटी तो सांगतो, “अंगठा उठत नाही, उद्या या.” तो मुलगाही उद्धट नसतो, त्याच्यामागे रांग असते. वेचणीच्या दिवसांत उकललेल्या बोंडांची वाळलेली टोके बोटांत शिरत, त्यांवर कातडे जाड होत, झिजत, त्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या. ज्या श्रमाच्या बळावर तिचा हक्क उभा आहे, त्याच श्रमाने तिची ओळख यंत्राच्या लेखी नाहीशी केली. या बाईला ‘उद्या’ म्हणजे पुन्हा एक खेप आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. ७५ वर्षांवरील माणसाला २०२२ च्या ऑगस्टपासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. पण खामगावच्या तहसिलीत हयातीच्या दाखल्यासाठी जायचे तर गुडघेदुखीने वाकलेल्याला तिकिटापेक्षा बसची पायरी अवघड असते.

तिजोरीविषयी थोडक्यात. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००६ साली तो २०० झाला, आणि ८० वर्षांखालील वृद्धासाठी आजही तो २०० च आहे. या काळात सरकारी नोकरांचा महागाई भत्ता सहसा वर्षातून दोनदा वाढत आला, तेव्हा तिजोरीची अडचण फारशी आड आली नाही, आणि यायलाही नको होती. ज्यांनी कारखान्यांत, महामंडळांत, सहकारी संस्थांत नोकरी केली त्यांचीही गत फारशी निराळी नाही: भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि त्याविरुद्ध देशभरातील निवृत्तांनी उभारलेल्या लढ्याचे साखळी उपोषण २४ डिसेंबर २०१८ पासून आपल्या बुलढाण्यातच सुरू झाले. म्हातारी माणसे दया मागत नसून आपल्या श्रमाचा हिशेब मागत आहेत, हे या जिल्ह्याने तरी इतरांच्या आधी ओळखायला हवे.

तर मग काय व्हावे? मिळकतीच्या दाखल्याची अट काढून वय हाच निकष ठेवावा. जो प्राप्तिकर भरतो किंवा ज्याला दुसरे पुरेसे निवृत्तिवेतन आहे त्याला वगळावे, कारण त्याची नोंद सरकारच्या दप्तरात आधीच असते आणि त्यासाठी कोणाला शपथ घालावी लागत नाही. नेपाळसारख्या आपल्याहून गरीब देशाने, मनमोहन अधिकारी यांच्या सरकारच्या काळात, ७५ वर्षांवरील प्रत्येकास १०० रुपये केवळ वयावर देण्यास प्रारंभ केला. पुढे रक्कम वाढत गेली, वय उतरत गेले. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने ६० वर्षांच्या माणसाला ज्येष्ठ नागरिक म्हटले आहे. मग श्रावणबाळ योजनेने ६५ पर्यंत वाट पाहायला का लावावी? रक्कम महागाईला जोडावी, म्हणजे ती निवडणुकीच्या तोंडावर वाढण्याची वाट पाहावी लागणार नाही. यांपैकी काही गोष्टींना मंत्रिमंडळ लागेल. पण महिन्यातून एक ठरलेला दिवस तहसिलीत या योजना पाहणाऱ्या संजय गांधी शाखेच्या कारकुनाने दप्तर घेऊन पिंपळगाव राजाच्या ग्रामपंचायतीत बसावे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांचा हयातीचा दाखला पोस्टमनने किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याने, म्हणजे तलाठ्याने, घरी जाऊन घ्यावा, अंगठा न उठल्यास चेहरा पाहून व शेजाऱ्याच्या साक्षीने पैसे द्यावेत, यासाठी वरिष्ठांचा एक साधा हुकूम पुरेसा आहे.

शेवटी, या सर्व योजनांत जिचे नावही कोठे येत नाही तिच्याविषयी. अर्धांगाने पडलेल्या सासूला कूस बदलून देणारी, तिचे अंथरूण धुणारी, तिला भरवणारी बाई बहुधा सून असते, कधी माहेरी परतलेली लेक. वेचणीच्या दिवसांत शेजारणी शेतावर जातात तेव्हा ती घरी राहते, आणि तो रोज कायमचा बुडतो. वृद्धाला वेतन मिळाले तरी तिला काही मिळत नाही. तिची पाठ गेली तर तिला कोणी विचारीत नाही. महिनोन्‌महिने तिला एका दिवसाची सुटी नसते. कुटुंबसंस्था ज्या खांद्यांवर उभी आहे ते हे खांदे होत, आणि कुटुंबाचा गौरव करणाऱ्या एकाही व्याख्यानात त्यांच्या मजुरीचा उल्लेख माझ्या ऐकण्यात नाही. रुग्णाला उचलावे कसे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, हे आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने घरी येऊन तिला शिकवावे. आठवड्यातून एक दिवस तिच्या जागी बसण्यास गावातीलच एखाद्या प्रशिक्षित बाईला सरकारी मानधनावर नेमावे. आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने वृद्ध पूर्णतः परावलंबी असल्याचे लिहून दिले की शुश्रूषेचा स्वतंत्र भत्ता मंजूर व्हावा. तो भत्ता मात्र घरातील कर्त्या पुरुषाच्या नव्हे, तर प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या त्या सुनेच्या किंवा लेकीच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाला पाहिजे.