विसरून प्यायलेला घोट

रमजानच्या पहिल्या चार-पाच दिवसांत एक प्रसंग अनेक रोजेदारांवर येतो, पण त्याबद्दल फार थोडे जण बोलतात. दुकानात, कचेरीत किंवा वर्गात माणूस कामात गढलेला असतो. हात सवयीने पाण्याच्या बाटलीकडे जातो, दोन घोट पोटात जातात आणि मग एकदम आठवते, आज रोजा आहे! चेहरा उतरतो. कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून नजर इकडेतिकडे फिरते. एवढा साधा रोजाही सांभाळता आला नाही, असा धांदरट आपल्याशिवाय दुसरा कोणी नसेल, असे दिवसभर वाटत राहते.

इफ्तारच्या दस्तरख्वानावर हा विषय एकदा निघाला, की एकेक जण बोलू लागतो. कोणी मित्राने पुढे केलेल्या पुडीतले शेंगदाणे तोंडात टाकलेले असतात, कोणी शाळेतून येताच फ्रिज उघडलेला असतो, कोणी बाळाला भरवता भरवता उरलेला घास स्वतः खाल्लेला असतो. शेजारच्या घरातही हे घडते. संकष्टीच्या सकाळी पोह्यांचा घास घशाखाली उतरल्यावर उपवास आठवलेली माणसे प्रत्येक गल्लीत सापडतील.

यात बेफिकिरी कमी आणि सवय जास्त असते. अकरा महिने जो हात दिवसातून दहा वेळा ग्लास उचलतो, तो चंद्र दिसल्याबरोबर थांबत नाही. रोजची कामे माणूस विचार न करता करत असतो. त्यात पहाटे सहरसाठी उठल्यामुळे झोप अपुरी झालेली असते.

इस्लामने ही गोष्ट गृहीत धरली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत पैगंबरांची (स.) शिकवण आली आहे, की विसरून खाल्ले-प्यायले गेले तर रोजा तसाच पुढे चालू ठेवावा, ते खाणेपिणे अल्लाहनेच दिलेले समजावे. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुस्लिम हनफी, तर कोकणातले अनेक शाफई पंथाचे आहेत. या मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे. अट एकच. आठवताक्षणी थांबायचे आणि तोंडात घास असेल तर तो टाकून द्यायचा. रोजा लक्षात असताना वजू करताना पाणी घशात गेले, तर त्याचे नियम वेगळे आहेत. ते जाणकार मौलानांना विचारावेत.

खरे नुकसान घोटाने होत नाही, ते लाजेने होते. आता रोजा मोडलाच, असे समजून काही जण दुपारी निमूट जेवून घेतात. विसरून घेतलेल्या घोटाने न मोडलेला रोजा या जेवणाने मात्र मोडतो आणि त्याची कजा, म्हणजे नंतर एक रोजा ठेवून भरपाई, करावी लागते. कुणाला विचारले असते तर हे टळले असते, पण विचारायचे म्हणजे सांगावे लागते.

सर्वांत जास्त कोंडी होते ती लहान मुलांची. पहिल्या रोजाला नवे कपडे, गळ्यात हार, पाहुणे, कधी वर्तमानपत्रात फोटो. सहा-सात वर्षांच्या ज्या मुलाने दुपारी खेळता खेळता नळाला तोंड लावले, त्याने हे कौतुक चाललेले असताना कोणाला सांगायचे? तो गप्प बसतो. ज्या इबादतीने खरेपणा शिकवायचा, तिच्या पहिल्याच दिवशी तो लपवायला शिकतो.

पाहणाऱ्यांसाठीही एक रीत आहे. हनफी फिकह सांगते, की धडधाकट रोजेदार विसरून खाताना दिसला तर त्याला आठवण करून द्यावी. वृद्ध किंवा अशक्त असेल तर न टोकलेलेही चालते. अल्लाहने त्याला चार घास दिले, ते त्याला खाऊ द्यावेत. हे वाचून शहरातले बिगरमुस्लिम सहकारीही निर्धास्त होतील. चुकून पुढे केलेल्या चहाचे ओझे त्यांनी बाळगू नये. आठवण द्यायची तर हळूच द्यावी, थट्टा टाळावी.

कुरआनमध्ये पहिला माणूस आदम विसरल्याचे सांगितले आहे आणि विसर व चूक यांबद्दल धरू नकोस, अशी प्रार्थनाही शिकवली आहे. अरबीचे काही अभ्यासक ‘इन्सान’ हा शब्दच ‘निस्यान’ म्हणजे विस्मरणाशी जोडतात.

म्हणून यंदा मुलाच्या गळ्यात पहिल्या रोजाचा हार घालण्याआधी, पहाटे सहरच्या वेळीच, घरातल्या वडीलधाऱ्यांनी स्वतःचा विसरलेला एखादा घोट त्याला सांगून टाकावा.