आधी वेगाला लगाम

ओझर ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 तबकड्यांचे संकेत एकत्र करणाऱ्या संगणकांतही ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. खेळांच्या लॅपटॉपमध्ये असतात त्याच जातीचे! काम ताऱ्यांचे असो वा खेळाचे, प्रोसेसरने घेतलेल्या जवळजवळ सर्व विजेची अखेर उष्णताच होते.

मग लॅपटॉप तापला की खाली ठेवायचा जादा पंखा विकत आणावा काय? माझ्या मते तो शेवटचा उपाय. प्रथम लॅपटॉप गोधडीवरून उचलून टेबलावर ठेवावा. त्याचे झरोके मोकळे ठेवावेत, पंख्यावरची धूळ काढवून घ्यावी. त्यानंतर सेटिंगमध्ये प्रोसेसरचा कमाल वेग थोडा कमी करावा. वेग उतरला की प्रोसेसर सहसा विद्युतदाबही उतरवतो. आकडेमोडीत खर्च होणारी वीज ही वेग आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणून दोन्ही 10 टक्क्यांनी घटले, तर ती सुमारे 27 टक्क्यांनी घटते. 0.9 चा घन काढून पाहा, म्हणजे पटेल!

100 अंश सेल्सिअसच्या आसपास अनेक प्रोसेसर आपणहून वेग एकदम तोडतात आणि खेळ अडखळतो. त्यापेक्षा आधीच आपण लगाम घातलेला काय वाईट?