हापशीवर आकडा लिहा



पोराच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले की आपण पोरालाच दटावतो, दात घासत नाहीस म्हणून. म्हातारीची मान वळेना, कंबर वाकेना, की वात समजून तेल चोळतो. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागातल्या कित्येक गावांत हा दोष पोराचाही नाही आणि वयाचाही नाही. तो बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडचा आहे. पाणी नितळ असते, चवीवरूनही काही कळत नाही.

हे फ्लोराईड कोणी आणून टाकलेले नाही. ते खडकात असते आणि खडकात फार काळ राहिलेल्या पाण्यात उतरते. विहिरी आटत गेल्या तशी आपणही आणि सरकारनेही खोल भोके पाडली. मग जुन्या विहिरीकडे परत जा, असेही आम्ही डोळे झाकून सांगणार नाही. कपाशीला टाकलेला युरिया आणि उकिरड्याचा पाझर उथळ विहिरीत नायट्रेट होऊन उतरतो. ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेले तर त्या पाण्यात कालवलेले वरचे दूध पिणारे तान्हे बाळ निळे पडू शकते.

फ्लोराईडची सरकारी मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरे पाणीच नसेल तर 1.5. वर्षानुवर्षे 3 ते 6 मिलिग्रॅमचे पाणी पोटात गेले तर हाडे आणि सांधे आखडू शकतात. वाकडे झालेले हाड कोणत्याही औषधाने सरळ होत नाही. आणि असल्या मर्यादा बांधताना माणशी दिवसाला साधारण दोन लिटर पाणी धरतात! मे महिन्यात पऱ्हाट्या उपटणाऱ्या बाईला दोन लिटर दुपारपर्यंत तरी पुरते का? तेच पाणी तिच्या अंगात दुप्पट विष नेते.

उकळून फ्लोराईड जात नाही. पाणी आटते आणि ते उलट दाट होते. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत काढली, ती चालते. पण मात्रा मोजून घालणारा माणूस रोज लागतो, आणि त्याची मजुरी द्यायची वेळ आली की यंत्र गंजत पडते. 2019 पासून जलजीवन मिशनचे नळ आले. नळाच्या मागे तोच बोअर असेल तर फक्त तोटी नवी.

पाणी तपासले जाते, आकडा कागदावर येतो आणि कागद कचेरीत राहतो. आमचे भांडण याच्याशी आहे. कापसाचा भाव आपल्याला न विचारता ठरतो, निदान तो कळतो तरी. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: प्रत्येक हापशी, विहीर आणि नळयोजनेचे फ्लोराईड व नायट्रेट, तपासणीच्या तारखेसह, तिथेच रंगाने लिहावे. फ्लोराईड 1.5 च्या वर निघाले तर ते पाणी धुण्याभांड्याला ठेवा आणि पिण्याला दुसरे मागा. ठरावाची नक्कल पुढच्या जिल्हा बैठकीला सोबत आणा.