ब्रेक गाडीला, मालाला काय?

बालमित्रांनो, टोमॅटोचे क्रेट भरलेला पिकअप बाजाराला निघालेला पाहिलाय ना? काही चालक हौद्यात आधी रबरी चटई अंथरतात. त्यामुळे पत्र्याला ओरखडे पडून गंज चढत नाही, नि क्रेटही सहजी घसरत नाहीत. जड माल खाली, केबिनला टेकवून, हलका वर. मग दोर करकचून आवळायचा. का बरं? ब्रेक लागतो गाडीला. माल मात्र त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. न्यूटनने १६८७ साली मांडलेला गतीचा पहिला नियम तो हाच! दोर मालाला खाली दाबतो, घर्षण वाढतं, माल जागीच राहतो.

आता सांगा, त्या मालावर बसलेल्या माणसाला कुठला दोर? म्हणून हौद्यात बसून प्रवास नकोच. पालकहो, वऱ्हाड निघालं असलं तरीसुद्धा!