धोक्याच्या मालाची ने-आण

बॅटरीवर चालणारे फवारणीपंप अलीकडे आमच्या वांगणी भागात गावोगाव दिसू लागले आहेत. त्यांनी श्रम वाचतात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु अशा पंपाची लिथियमची बॅटरी दुरुस्तीस धाडताना भाताच्या पेंढ्यात खुपसून, पेट्रोलच्या कॅनशेजारी टेंपोत ठेवलेली आम्ही पाहिली. म्हणून चार शब्द लिहिणे आम्हांस प्राप्त झाले.

दि. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उडाले. त्यावर सुमारे १४०० टन दारूगोळा होता, आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. आग लागली ती कापसाच्या कोठारात. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावावयाचा तांबडा बावटाही जहाजावर नव्हता. शेकडो माणसे प्राणास मुकली; त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही देशभर पाळला जातो. कापूस हा शेतकऱ्याचा निरुपद्रवी माल. परंतु शेजार वाईट मिळाला आणि कोणी सावध केले नाही.

लिथियमची बॅटरी चेपली, भोसकली गेली किंवा तिची टोके धातूने जोडली गेली, म्हणजे ती आतूनच तापते, ज्वालाग्राही वायू सोडते व विझल्यासारखी दिसूनही पुन्हा पेटू शकते. ठिबकातून देण्याचे पोटॅशियम नायट्रेट स्वतः जळत नाही, पण आगीस प्राणवायू पुरविते. म्हणूनच सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या उतारू-विमानातून माल म्हणून पाठविण्यास १ एप्रिल २०१६ पासून मनाई आहे. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातही धोक्याच्या मालाची लेखी सूचना देणे व गाठोड्यावर बाहेरून खूण करणे बंधनकारक आहे.

टेंपोवाला भाडे वाढवील किंवा माल नाकारील, या भीतीने आपले बांधव गप्प राहतात. महसूल खात्यात असताना जळितांचे पंचनामे लिहिताना कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' हा शब्द आम्ही कित्येकदा लिहिला आहे. दोन रुपये वाचविण्याकरिता परक्याचा जीव धोक्यात घालणे हा आमच्या मते अन्याय होय.

बॅटरीच्या टोकांस चिकटपट्टी लावावी, मजबूत खोक्यात ती हलणार नाही अशी बसवावी, वर मराठीत स्पष्ट लिहावे आणि पेंढा, इंधन व नायट्रेट यांपासून दूर ठेवावी. फुगलेली बॅटरी टेंपोत चढवूच नये; विक्रेत्यास आधी विचारावे. आपल्या संघाने गोदामात अशा मालास निराळी जागा व पावतीवर निराळा रकाना ठेवावा. येत्या सभेत हा ठराव सभासदांनी अवश्य मांडावा, अशी आमची विनंती आहे.