पंचवीस पटीचा उसना हिशेब

पंचेचाळिशीपर्यंत पुरेसे साठवायचे आणि नोकरीला रामराम ठोकायचा, हे पुण्या-मुंबईतल्या तिशीच्या नोकरदारांचे आता नुसते टपरीवरचे बोलणे राहिलेले नाही. त्यासाठी एक्सेल शीट तयार असते, लक्ष्याचा आकडा ठरलेला असतो आणि पगार जमा झाला की एसआयपीचा हप्ता आपोआप कापला जातो. देशभरातून एसआयपीमार्फत म्युच्युअल फंडांत येणारी रक्कम ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्यांदाच महिन्याला २५ हजार कोटी रुपयांच्या वर गेली. तो सगळा पैसा लवकर निवृत्त होऊ पाहणाऱ्यांचा नाही हे उघड आहे. पण बचतीची इतकी शिस्त मागच्या पिढीच्या पगारदारांना शेअर बाजाराबाबत कधी नव्हती, हेही तितकेच खरे. लवकर सुटण्याच्या इच्छेला नावे ठेवण्याचेही कारण नाही. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे नारायण मूर्ती २०२३ मध्ये म्हणाले तेव्हा अनेकांनी आपले उरलेले ईएमआय मोजले असतील! इच्छा रास्तच आहे. तिच्यामागचा हिशेब मात्र उसना आहे, आणि तो जिथून आणला तिथल्या अटी आपण सोबत आणलेल्या नाहीत.

हा हिशेब म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पुंजी. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ करायची, आणि पैसे जन्मभर पुरतात असे मानायचे. याचे मूळ विल्यम बेंगेन या अमेरिकी वित्त सल्लागाराने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात आहे. १९९८ मध्ये टेक्ससमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी त्याच वाटेने अभ्यास केला आणि आकड्याला वजन आले. बेंगेन यांनी १९२६ पासूनचे अमेरिकी शेअर, रोखे आणि महागाई यांचे आकडे घेतले होते. निम्मी ते पाऊण पुंजी शेअरमध्ये आणि बाकीची सरकारी रोख्यांत राहील असे धरले होते. पैसे किमान तीस वर्षे पुरावेत, ही त्यांची कसोटी होती. साठी-पासष्टीत निवृत्त होणाऱ्या अमेरिकी माणसाच्या प्रश्नाला ते उत्तर होते, आणि त्या प्रश्नापुरते ते चांगलेच होते. पंचेचाळिसाव्या वर्षी कोथरूडमध्ये राजीनामा देणाऱ्याने हा प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता.

मुदतीपासून सुरुवात करू. पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होऊन नव्वदीपर्यंतची सोय करायची तर पंचेचाळीस वर्षे झाली. बायको चार वर्षांनी लहान असेल तर मुदत तिच्या वयाने मोजायला हवी, म्हणजे एकोणपन्नास. (नवऱ्याच्या वयावर बेतलेले निवृत्तीचे आराखडे आपल्याकडे सर्रास दिसतात, त्यात विधवेची शेवटची वर्षे कोणीच मोजलेली नसतात.) आता गुंतवणुकीवर कर आणि महागाई वजा जाता दोन टक्के खरा परतावा मिळतो असे धरा. तीस वर्षांच्या सोयीसाठी वार्षिक खर्चाच्या साधारण साडेबावीस पट पुंजी लागते, पंचेचाळीस वर्षांसाठी साडेएकोणतीस पट. खरा परतावा शून्य असेल, म्हणजे व्याज आणि महागाई यांची बरोबरी होत असेल, तर पंचेचाळीस वर्षांना सरळ पंचेचाळीस पट. आपल्या आवडत्या मुदत ठेवींचा इतिहास या शून्याच्या आसपासच रेंगाळतो. पंचवीस पटीत पंचेचाळीस वर्षे काढायची तर महागाईच्या वर जवळजवळ तीन टक्के, तेही कर भरून, दरवर्षी न चुकता मिळायला हवेत. असे ठरलेल्या दराने ते कुठेही मिळत नाहीत. दुसरा फ्लॅट घेऊन भाड्यावर जगण्याचा बेत करणाऱ्यांनाही मुंबई-पुण्यात भाडे घराच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच सुटते. भाडे महागाईबरोबर वाढते एवढी जमेची बाजू, पण त्यातून सोसायटीचे मेंटेनन्स आणि रिकामे महिने वजा करावे लागतात.

महागाई सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आज महिना ६० हजारांत चालणारे घर सत्तावन्नाव्या वर्षी एक लाख वीस हजार मागते, एकोणसत्तराव्या वर्षी दोन लाख चाळीस हजार, एक्याऐंशीव्या वर्षी चार लाख ऐंशी हजार. सध्या महागाई कमी आहे, मग सहा टक्के कशाला, असे कोणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट चार टक्क्यांचे आहे आणि दोन टक्के इकडेतिकडे चालतात, हे खरे. पण २००९ ते २०१३ या पाच वर्षांत औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने साधारण नऊ ते बारा टक्क्यांची वार्षिक वाढ दाखवली होती. पंचेचाळीस वर्षांच्या वाटेत असा एखादा टप्पा पुन्हा येणार नाही यावर सगळी पुंजी लावणे धाडसाचे आहे.

आपल्याकडे लवकर निवृत्तीचा मोठा प्रयोग होऊन गेला आहे, आणि त्याचा धडा या चर्चेत फारसा कोणी घेत नाही. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. पंधरा वर्षे सेवा झालेला किंवा वयाची चाळिशी गाठलेला कर्मचारी अर्ज करू शकत होता. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यांपैकी कमी ती रक्कम हातात पडणार होती. एक लाखाहून अधिक लोक बाहेर पडले. पैशांची भाषा रोज बोलणारे हे लोक होते, त्यांना व्याजाचे गणित कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तेव्हा वर्षाहून अधिक मुदतीच्या ठेवींवर नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के मिळत होते, मार्च २००३ मध्ये ते आठ टक्क्यांवर आले. बँक ठेवींचे दर २००३-०४ पर्यंत पाच-साडेपाच टक्क्यांपर्यंत उतरले. दहा लाखांच्या ठेवीवर वर्षाला लाखभर रुपये येतील या भरवशावर घर चालवणाऱ्याच्या हाती, ठेव नव्याने ठेवताना, पंचावन्न हजार येऊ लागले. निवृत्तांची लाडकी असलेली यूटीआयची यूएस-६४ योजना जुलै २००१ मध्ये सहा महिन्यांसाठी गोठवली गेली, त्यामुळे पैसे काढून घेण्याची वाटही बंद झाली. सरकारने २००४ मध्ये नऊ टक्के व्याजाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणली, पण ती साठीनंतर, आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना पंचावन्न पूर्ण झाल्यावर. पंचेचाळिशीत बाहेर पडलेल्याला तिथे पोहोचायला आणखी काही वर्षे काढायची होती. ज्यांची सेवा पुरेशी झाली होती आणि ज्यांनी निवृत्तिवेतनाचा पर्याय घेतला होता, त्यांच्या उत्पन्नाला महागाई भत्ता जोडलेला होता. दोघेही एकाच योजनेतून बाहेर पडले, पण एकाच्या उत्पन्नात महागाईबरोबर चढणारा भाग होता आणि दुसऱ्याच्या नव्हता. खासगी कंपनीतून पंचेचाळिशीत निघणारा आजचा इंजिनिअर या दुसऱ्या माणसाच्या जागी उभा आहे.

ते व्याजावर अवलंबून होते, आम्ही शेअर बाजारात आहोत आणि तिथे दीर्घकाळात बारा टक्के मिळतात, हा यावरचा ठरलेला आक्षेप. साठवण्याच्या काळात त्यात बरेच तथ्य आहे. खर्चायला सुरुवात झाली की सरासरीपेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो. २००८ च्या पहिल्या दिवशी एक कोटी रुपये घेऊन कोणी निवृत्त झाला, पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी चार लाख काढले, आणि त्या वर्षांतल्या महागाईप्रमाणे दरवर्षी दहा टक्के जास्त काढत गेला असे समजा. सगळे पैसे सेन्सेक्समध्ये असतील आणि लाभांश बाजूला ठेवला तर २०१३ अखेर त्याच्याकडे सुमारे ६४ लाख उरतात. गंमत अशी की या सहा वर्षांत निर्देशांक घसरलेला नाही. तो २०,२८७ वरून २१,१७१ वर गेला आहे. मधल्या पडझडीत खर्चासाठी विकलेले शेअर मात्र परत येत नाहीत. शहाणा माणूस सगळेच शेअरमध्ये ठेवणार नाही, हे मान्य. निम्मी पुंजी आठ टक्क्यांच्या ठेवीत ठेवून दरवर्षी समतोल साधला असता तर त्याच माणसाकडे साधारण एक कोटी सहा लाख असते. खात्यावरचा आकडा पाहून तो निश्चिंतही झाला असता. पण त्याचा वार्षिक खर्च आता सात लाखांच्या वर गेला आहे. पंचवीस पटीने सुरू झालेला प्रवास सहाच वर्षांत पंधरा पटीवर आला, आणि तो जेमतेम एक्कावन्न वर्षांचा आहे.

मग पंचविसाऐवजी चाळीस पट साठवावे काय? ज्यांना जमते त्यांनी जरूर साठवावे. पण गृहकर्ज, मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांचे आजारपण सांभाळून चाळीस पट साठेपर्यंत बहुतेकांची साठी आलेली असेल, आणि त्याला लवकर निवृत्ती कोणी म्हणणार नाही. माझे म्हणणे असे की आकड्यामागे धावण्यापेक्षा नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांकडे लक्ष द्यावे, कारण पुढची पस्तीस वर्षे तिथे ठरतात. वरच्याच उदाहरणात निम्मी पुंजी ठेवीत असताना त्या माणसाने सहा वर्षे खर्चाचा अर्धा भाग स्वतः कमावला असता, म्हणजे पहिल्या वर्षी दोन लाख आणि शेवटच्या वर्षी सव्वातीन लाखांच्या आत, तर त्याच्याकडे एक कोटी सव्वीस-सत्तावीस लाख उरले असते. एकूण कमाई सुमारे साडेपंधरा लाखांची, पुंजीतला फरक वीस लाखांहून अधिक. त्यानेही सगळे भागत नाही, पट अठरावरच राहते. तरी पंधरा आणि अठरा यांत उतारवयातली तीन वर्षे आहेत. शिवाय कमावण्याची ताकद पंचेचाळिशीत असते, सत्तरीत नसते. म्हणून गुंतवणुकीचे उद्दिष्ट काम थांबवणे हे न ठेवता कमी पगाराचे, कमी तासांचे, आपल्या मर्जीचे काम पत्करता येणे हे ठेवले, तर तेवढी पुंजी बऱ्याच लोकांच्या आवाक्यात येते आणि तीही लवकर. क्लासेसमध्ये शिकवणे, हिशेब लिहून देणे, छोट्या कारखान्याला आठवड्यातून दोन दिवस सल्ला देणे, अशा कामांना आपल्याकडे मान कमी आहे. बहुधा म्हणूनच एक्सेल शीटमध्ये त्यांना रकाना नसतो.

यावर एक गंभीर हरकत आहे. पन्नाशीच्या आत कंपन्याच घरी पाठवतात, काम करायची तयारी असूनही मिळत नाही, मग अर्धी कमाई कुठून आणायची? हिंजवडीत कोणालाही विचारा, ही भीती खरी आहे. सरकारी कंपनीतही २०२० मध्ये बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी पन्नाशी ओलांडल्यावर स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, आणि त्या स्वेच्छेत स्वेच्छा किती होती हा वेगळा लेख होईल. पण या भीतीमुळे माझा मुद्दा उलट पक्का होतो. सक्तीने बाहेर पडावे लागले तर पंचवीस पट पुंजी बहुतेकांकडे नसतेच. तेव्हा दोन वर्षांचा खर्च ठेवीत, कर्ज फिटलेले घर आणि नोकरीच्या बाहेरही विकता येईल असे एखादे कौशल्य, एवढ्याच गोष्टी उपयोगी पडतात. गावी किंवा तालुक्याच्या ठिकाणी जाऊन राहिले तर खर्च निम्म्यावर येतो, असेही सांगितले जाते. घरभाडे आणि रोजचा खर्च नक्कीच उतरतो. हृदयविकाराचा झटका आल्यावर मात्र गाडी पुन्हा पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरकडेच वळते, आणि बिल शहराच्याच दराने येते. शेवटी सरकारचे नियम. शेअरवरील दीर्घ मुदतीच्या नफ्याला २००४ मध्ये करमुक्त केले, २०१८ मध्ये दहा टक्के कर परत आला, २०२४ मध्ये तो साडेबारा झाला. पंचेचाळीस वर्षांत असे किती अर्थसंकल्प येतील, हे कोणत्याही शीटमध्ये मांडता येत नाही. हातात थोडी कमाई असेल तर त्यांचा धक्का सोसता येतो.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित बाब वैद्यकीय विम्याची. कंपनीची गटविमा पॉलिसी नोकरीबरोबर जाते, आणि नवी वैयक्तिक पॉलिसी घेतल्यावर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून पंचेचाळिशीत निघण्याचा विचार असेल तर नवरा-बायको दोघांची स्वतंत्र पॉलिसी बेचाळिशीच्या आतच सुरू झालेली हवी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेला, हा दिलासा आहे. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करायची तर विमा कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असे ‘इर्डा’ने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. हाही दिलासाच, पण दहा टक्क्यांपर्यंतची वाढ मोकळी आहे. त्या दराने साठाव्या वर्षी ३० हजार असलेला हप्ता पंचाहत्तराव्या वर्षी सव्वा लाखावर जातो. घरखर्चासाठी सहा टक्क्यांचा दर लावणाऱ्यांनी निदान ही एक ओळ तरी वेगळ्या दराने मांडून पाहावी.